दहा मिनिटांचं पत्र

२ सप्टेंबर

आजी,

तू म्हणशील, वसतिगृहात जाऊन दोन महिने झाले आणि कार्टीला आज आठवण आली. आठवण रोज येते गं, वेळ आज मिळाला. बाबा, हे मोठ्याने वाचा आणि सगळं वाचा, नाहीतर आजी म्हणेल तुम्ही मधलं गाळता.

बातमी अशी की मी कॉलेजच्या धूम्रपानविरोधी पथकात नाव दिलंय. आम्ही अकरा जण आहोत. तास संपले की दंडाला पिवळी फीत बांधायची आणि आवारात फिरून मुलांशी बोलायचं. कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या प्रमुख. त्यांनी पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरून घेतला. त्यात प्रश्न होता, ‘तुमच्या घरात कोणी सिगारेट ओढतं का?’ बाकीचे पेन चावत बसले. मी तिथल्या तिथे लिहून टाकलं, ‘कोणी नाही. मी सातवीत असताना माझ्या वडिलांनी सोडली, एका दिवसात, कुणाच्याही मदतीशिवाय.’ बाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा, तुम्ही आमच्या पथकात प्रसिद्ध झालात!

तुझी,
भिंगरी


७ सप्टेंबर

भिंगरे,

सुखी रहा, पोटभर जेव, आणि एका जागी दहा मिनिटं बसायला शीक. तिन्हींतलं तिसरं तुला जमायचं नाही, हे मला ठाऊक आहे.

नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि तुझा बाप लिहितोय. मला अक्षर येत नाही, पण म्हणून कुणी मला शेंडी लावावी इतकी मी भोळी नाही. लिहून झालं की पाकीट चिकटवायच्या आधी मी कागद शेजारच्या औषधवालीकडे नेते आणि वाचून घेते. मागे एकदा ह्याने माझी चार वाक्यं गिळली होती. तिने गोळ्या मोजाव्यात तशी मोजून काढली. तेव्हापासून मुकाट लिहितो.

तुझं पत्र त्याने मोठ्यानेच वाचलं. ‘माझ्या वडिलांनी सोडली’ इथपर्यंत आला आणि त्याला ठसका लागला. म्हणाला, पाणी घशात अडकलं. पाणी तर मी त्याला नंतर दिलं. (आई, हे लिहायलाच हवं का? — लेखनिक.) हवं. लिही.

तुझं मात्र मला फार कौतुक वाटलं. दंडाला फीत बांधून अनोळखी माणसासमोर उभं राहायचं म्हणजे काही खाऊ नाही. तुझ्या वयाची असताना मी अनोळखी माणूस दिसला की दाराआड जायची. पुढे सवय गेली, हे गल्लीचं दुर्दैव.

दुकान ठीक चाललंय. बाजारातल्या मोठ्या वाण्याने तीन वजनकाटे दुरुस्तीला आणून टाकलेत. तुझा बाप दिवसभर चिमटा घेऊन त्यांच्या पोटात डोकं घालून बसतो. माझी तब्येत बरी आहे. डोळ्यांना चष्मा लागला, कानांना दोनदा सांगावं लागतं. नाकाला अजून काही लागलेलं नाही. (आई.) बरं बाबा, नाकाचं राहू दे.

— आजी


१३ सप्टेंबर

आजी,

नाकाचं काय ते मला कळलं नाही, पण शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं!

इथे मात्र आमचं नाक कापलं गेलं. आम्ही काळ्या फुप्फुसाचं हे एवढं मोठं पोस्टर सायकलस्टँडच्या भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी तिघं त्यालाच टेकून सिगारेट ओढत उभे! एकाने काडीही त्या फुप्फुसावरच ओढली.

मी रडवेली होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “सिगारेट वाईट हे ओढणाऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तल्लफ येते, चढते आणि उतरते. जोर असतो तो साधारण दहा मिनिटं. तेवढा वेळ त्याला एकटं सोडायचं नाही. तुमचं काम एवढंच.”

म्हणून आता ग्रंथालयामागे एक बाक पिवळा रंगवलाय. ज्याला सोडायची आहे त्याने तल्लफ आली की तिथे येऊन बसायचं. आमच्यातलं कोणीतरी तिथे असतंच. दहा मिनिटं वाटेल ते बोलायचं. नियम एकच. सिगारेटचं, तंबाखूचं, धुराचं नाव काढायचं नाही.

माझ्या वाट्याला शेवटच्या वर्षातली एक मुलगी आलीय. दगडांचा अभ्यास करते, सहा फूट उंच, सगळे तिला लांबोडी म्हणतात. ती येते, घड्याळ काढून मांडीवर ठेवते आणि म्हणते, “हं, सुरू कर.” मी हवेवर बोलले, परीक्षेवर बोलले, तिसऱ्या मिनिटाला माझा साठा संपला. ती उठली, फाटकापाशी गेली आणि पेटवली. तीन दिवस असंच. काल आलीच नाही. आजी, तू तर भिंतीशीही तासभर बोलतेस. काय बोलू गं तिच्याशी?

भिंगरी


१८ सप्टेंबर

भिंगरे,

भिंतीशी बोलते हे खरं. भिंत मधे उठून जात नाही, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशीही करत नाही.

तुझी चूक मी सांगते. तू तिला करमवायला गेलीस. सहा फुटांच्या बाईला करमवायला ती काय पाळण्यात आहे? उपदेश दिला की माणूस पळतो, काम दिलं की बसतो. तिच्या हातात काहीतरी दे. तिला जे येतं आणि तुला येत नाही, ते शिकव म्हण. तुला येत नाही असं पुष्कळ आहे, विषय कमी पडायचे नाहीत.

आता इथलं. आज मला पुष्कळ सांगायचंय. आमचं जेवण सातलाच उरकतं. तुझा बाप रोज जेवण झालं की ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत गच्चीवर जातो. आज मी म्हटलं, पाय कुठे पळतात, आधी पत्र. तर लिही रे. फडताळातल्या बरण्या. वरच्या फळीवर सात. पहिलीत साखर. दुसरीतही साखर, कारण पहिली सापडत नव्हती. तिसरीचं झाकण चौथीला बसतं, चौथीचं कशालाच बसत नाही. (आई, पोरीला बरण्यांचं काय करायचंय? — लेखनिक.) तुला लिहायला काय होतंय? पेन आहे, हात आहे. पाचवीत बटणं आहेत. किती आहेत ते तुझा बाप मोजून सांगेल. (एकशे बारा. — लेखनिक.) त्यांतली चार एका जातीची, बाकी सगळी पोरकी.

सहावी बरणी पुढच्या पत्रात. परवाच लिहीन म्हणते. कंटाळू नकोस.

— आजी


३ ऑक्टोबर
(औषधवाल्या मावशींच्या पत्त्यावर)

मावशी, हे पत्र बाबा दुकानात असताना आजीला वाचून दाखवाल का? बाबांना कळू देऊ नका. प्लीज.

आजी,

आधी चांगलं सांगते. मी लांबोडीच्या खोलीवर गेले आणि म्हटलं, मला दगड ओळखायला शिकव. ती म्हणाली, “तुला कशाला?” मी म्हटलं, मला कुठे काय येतं! ती हसली. आता रोज खिशात एक दगड घेऊन बाकावर येते. तो माझ्या तळहातावर ठेवते आणि मी चुकीचं नाव सांगितलं की माझी अक्कल काढते. परवा दहाची पंचवीस मिनिटं झाली, दोघींनाही कळलं नाही. हे तुझं श्रेय.

पण आता खरं सांग. बाबांना काय झालंय?

पंधरा दिवसांत तुझी सहा पत्रं आली. एवढी तू वर्षात पाठवत नाहीस. बरण्या झाल्या, जिन्याच्या पायऱ्या झाल्या, शेजारणीच्या मांजरीचं सगळं घराणं झालं. आणि अक्षर! बाबांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आता ओळी उतारावरून घरंगळल्यासारख्या आहेत. चौथ्या पत्रात तर अक्षरं थरथरतायत. हाताला काही झालंय का? डोक्याला? तुम्ही दोघं मला फसवताय, आणि म्हणून तू बरण्या मोजतेस.

शुक्रवारी प्राचार्यांसमोर बाकाची बैठक आहे. बाक काढून टाकायचा असं काहींचं म्हणणं आहे. पथकाच्या वतीने मी बोलायचं ठरलंय. पण मी बॅग भरली आहे. तुझं उत्तर आलं नाही तर मी शुक्रवारची वाट बघणार नाही. बाबांच्या हातापुढे कसला बाक?

भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरे,

बॅग उपस. तुझा बाप धडधाकट आहे.

हे औषधवाली लिहितेय. तिचं अक्षर तिच्या डॉक्टरांसारखं आहे असं लोक म्हणतात, तेव्हा जरा सांभाळून वाच. (हे कोण म्हणतं ते मला कळलं पाहिजे. — औषधवाली.)

तुझ्या बापाने सिगारेट सोडलेली नव्हती. आता बस खाली आणि पुढचं ऐक.

तू सातवीत होतीस तेव्हा त्याने खरोखर सोडली होती. तीन आठवडे. तेवढ्यात तू शाळेत त्याच्यावर निबंध लिहिलास आणि बक्षिसाचा कप आणलास. तो कप अजून दुकानात काट्यांच्या कपाटात आहे, रोज पुसतो. चौथ्या आठवड्यात त्याला परत लागली. त्या कपासमोर बसून तुला खरं सांगायचं त्याच्याने होईना. एक दिवस गेला, मग सात वर्षं गेली. दुसऱ्यांचे काटे गुंजभर चुकले तरी हा जेवत नाही, आणि स्वतःचं पारडं असं.

आणि मी झाकलं. त्याचे शर्ट वेगळे भिजवले, जिन्याची खिडकी उघडी ठेवली, तू घरी आलीस की त्याला बाजारात पिटाळलं. पोरीचा बाप तिच्या मनात आहे तसाच राहू दे, असं मला वाटायचं. हे माझं पाप. ते तू माझ्या नावावर मांड, त्याच्या नाही.

मग तुझं ते बाकाचं पत्र आलं. त्याने वाचलं. ‘तेवढा वेळ त्याला एकटं सोडायचं नाही’ इथे थांबला. तीच ओळ परत वाचली, मी सांगितलं नव्हतं. मग कागदाची घडी करून खिशात घातली. मला परत दिली नाही. दोन दिवस कागद खिशातच. नंतर एका संध्याकाळी जेवून जिन्याकडे निघाला. मला काय वाटलं कोण जाणे, मी हाक मारली, “अरे, पोरीचं उत्तर राहिलंय.” तो पायरीवर उभा. एक हात खिशात. मी पाठ करून बसले, बघितलं की माणूस अवघडतो. मागे खुर्ची सरकली. मी बरण्यांपासून सुरुवात केली, दुसरं काही सुचेना.

तिसऱ्या पत्राला म्हणाला, “आई, हा तुझा पिवळा बाक आहे ना?” मी म्हटलं, “लिही. मांजरीला पहिल्या खेपेला चार पिल्लं.”

आज अठरा दिवस झाले. हात थरथरतात ते त्याने. चिमट्यात स्क्रू धरता येत नाही म्हणून नाजूक काटे बाजूला ठेवलेत. परवा माझ्यावर खेकसला. मग लाजून स्वतः चहा करून आणला, त्यात साखरेऐवजी मीठ. दोघांनी मुकाट्याने प्यायला. पत्र नसतं त्या दिवशी त्याच्या दोन्ही हातांत लोकरीची लडी अडकवते आणि मी गुंडा करते. लडी अडकलेला माणूस कुठे जातोय?

तू येऊ नकोस. तू आलीस तर तुला दाखवायला म्हणून तो थांबेल, आणि दाखवायला सोडलेली गोष्ट बघणारा गेला की परत येते. त्याला पत्रात काही विचारूही नकोस. नियम तुझाच आहे, नाव काढायचं नाही. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. माझी पाठ जुनी आहे, मजबूत आहे.

पण एक ऐक. तू तिकडे बाक रंगवलास आणि इकडे, तुझ्या पायाची धूळही न लागता, एक माणूस जिन्यावरून परत फिरला. मी एवढी बडबडी, सात वर्षं एकाच घरात राहून मला जे जमलं नाही, ते तू एका पानात केलंस. शुक्रवारी त्या प्राचार्यांसमोर मान खाली घालून उभी राहिलीस तर मी तुझी आजी नाही.

— आजी


११ ऑक्टोबर
(औषधवाल्या मावशींच्या पत्त्यावर)

आजी,

बॅग उपसली. आधी तासभर रडले. रागावलेही, तुझ्यावरच जास्त. मग मिठाचा चहा डोळ्यांसमोर आला आणि हसू फुटलं, तेव्हा राग काही नीट धरता येईना.

शुक्रवारचं सांगते. प्राचार्य म्हणाले, “बाकावर बसून गप्पा मारणं ह्याला काम म्हणतात का?” मी बोलायला उठले तर लांबोडी आधीच उभी. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाली, “मला तिथे कुणीही काही समजावलं नाही. म्हणून मी बारा दिवस टिकले.” आणि खाली बसली.

मग मी म्हटलं, मला माझा फॉर्म परत हवाय. डॉक्टरीणबाई चकित झाल्या. मी सगळ्यांना सांगितलं, मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं होतं. ते चूक आहे. मी घरातल्या माणसाला इतकं मोठं करून ठेवलं की त्याला आपली अडचण सांगायला जागाच उरली नाही. आमची पोस्टरंही तेच करतात. बाक करत नाही. कोण ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं असेल. कोणी हसलं नाही. फॉर्मवर मी ‘कोणी नाही’ खोडलं आणि लिहिलं, ‘एक जण. प्रयत्न चालू आहे.’

बाक राहिला. उलट वसतिगृहाच्या दारात दुसरा द्या म्हणालेत.

बाबांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात तुझ्या सांगण्याप्रमाणे अवाक्षर नाही. फक्त विचारलंय, काटा खोटा दाखवतोय हे ओळखायचं कसं आणि दुरुस्त करायचा कसा, सगळं सविस्तर लिहा. निदान चार संध्याकाळी जायला हव्यात.

तुझी भिंगरी


२७ ऑक्टोबर

भिंगरे,

आजही लेखणी औषधवालीची.

चार कसल्या, सहा संध्याकाळी गेल्या. तुझ्या प्रश्नाला त्याने नऊ पानं लिहिली, आकृत्या काढल्या. मला वाचून दाखवत होता. तिसऱ्या पानाला मी झोपले, तरी तो थांबला नाही. शेवटच्या दोन पानांतल्या आकृत्या तू नीट बघ. रेघ कशी सरळ आलीय.

आता वाईट सांगते, कारण झाकायचं मी सोडलंय. मागच्या मंगळवारी मला ताप होता, मी लवकर पडले. पत्र नाही, लोकर नाही. तो गच्चीवर गेला. खाली आला तो थेट माझ्या खाटेपाशी. मला नाकाने आधीच कळलं होतं. पण तो म्हणाला, “आई, ओढली.”

पोरी, सात वर्षांत पहिल्यांदा त्याने तोंडाने सांगितलं. मी काय म्हणायला हवं होतं ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. मी म्हटलं, “बरं. बस. पत्र राहिलंय.” तापातच सांगितलं काहीतरी. सगळं असंबद्ध होतं, ते तुला पाठवलं नाही. त्याने मात्र शेवटपर्यंत लिहिलं, आणि पाकिटातल्या उरलेल्या माझ्या उशाशी ठेवून गेला. सकाळी मी त्या मोरीत भिजवल्या. मंगळवारनंतर एकही नाही.

लांबोडीला सांग, तिच्यासारखाच एक जण इकडे आहे, मिशीवाला.

— आजी


६ डिसेंबर

भिंगरे,

आज लेखणी परत तुझ्या बापाची. हे पत्र लहान आहे. रागावू नकोस. लहान आहे हीच बातमी.

काल जेवण झाल्यावर मी म्हटलं, लिहायला बस. तुझा बाप म्हणाला, “आई, आज नको, मला वाण्याचा काटा संपवायचाय.” आणि दिवा ओढून दुकानात बसला. मी दारात उभी राहून बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्याने उचलला आणि एका झटक्यात जागी बसवला. मग मला बघून म्हणाला, “काय गं, झोप येत नाही?” मी म्हटलं, “नाही रे, सांगण्यासारखं काही उरलं नाही, त्याची काळजी वाटतेय.”

लोकरही संपली. सुट्टीला येशील तेव्हा स्वेटर तयार असेल. एक बाही लांब झालीय, तुझ्या बापाला बसवून ठेवायच्या नादात. लांबच्या बाहीचा हात तू खिशात घाल. त्या खिशात आता दगड असतील, ठाऊक आहे मला.

शेवटची एक गोष्ट. ह्याच्याखाली मी त्याला जागा सोडायला लावली आहे. त्यात काय लिहायचं ते त्याचं तो बघेल. मी ऐकणार नाही. आणि आज कागद औषधवालीकडेही नेणार नाही. लिहून झाल्यावर पाकीट त्यानेच चिकटवायचं.

— आजी

बाळ,
त्या फॉर्मवर तू माझ्याबद्दल लिहिलंस ते खरं नव्हतं. चूक तुझी नाही, माझी. सप्टेंबरात थांबलो, ऑक्टोबरात एकदा घसरलो, तेव्हापासून थांबलो आहे. ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ हे मात्र पुन्हा कधी लिहू नकोस. तुझं बाकाचं पत्र अजून खिशात आहे, घडीवर फाटलंय. ‘कोणी नाही’ असं लिहिण्याची घाई नको. आधी वर्ष जाऊ दे. मग मीच कळवीन, माझ्या अक्षरात.
— बाबा